रात्री कमी आवाजात सबवूफर झोपी जातो: दोष स्टँडबायचा, क्रॉसओव्हरचा की वायरलेसचा?

खर्ज_ठाणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या 11 बाय 16 फुटांच्या दिवाणखान्यात 5.1 चा (पाच स्पीकर व एक सबवूफर यांच्यासाठीचा) एव्ही रिसीव्हर आणि 10 इंची पॉवर्ड सबवूफर (स्वतःचा ॲम्प असलेला, फक्त खर्जाचा स्पीकर) आहे. फरशीवरून जाणारी तार घरात कोणालाच पसंत नसल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी ट्रान्समीटरवरून सबवूफरला सिग्नल पाठवणारा वायरलेस संच घेतला. सध्या तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण तार होती तेव्हापासूनची आहे. रात्री 11 नंतर खालच्या मजल्याचा विचार करून आवाज कमी ठेवला की, साधारण वीस मिनिटांनी सबवूफरचा हिरवा दिवा तांबडा होतो, म्हणजे तो स्टँडबायमध्ये (आपोआप झोपी) जातो, आणि पुढे एखादा स्फोट झाला की तो ‘ठप्प’ असा आवाज करून उशिरा जागा होतो. दुसरी अशी की, वायरलेस संच आल्यापासून डग्ग्याचा घुमारा पोकळ वाटतो. तिसरी सर्वांत विचित्र आहे : सकाळी टीव्ही बंद ठेवून फोनवरून रिसीव्हरवर अभंग लावले, तर सबवूफरमधून काहीच ऐकू येत नाही.

रिसीव्हरमध्ये सर्व स्पीकर ‘स्मॉल’ (त्यांचा खर्ज सबवूफरकडे वळवलेला) असून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झ आहे आणि सबवूफरवरचा नॉबही 80 वरच आहे. माइक लावून केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये (रिसीव्हर स्वतः स्पीकरांची पातळी व अंतर मोजून जुळवतो) सबवूफरची पातळी उणे 12 डेसिबल व अंतर 2.7 मीटर आले होते. सबवूफरचा गेन (त्याच्या स्वतःच्या आवाजाचा नॉब) घड्याळाच्या तीनच्या काट्यावर आहे.

जुना_ॲम्प

तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर त्या ‘उणे 12’ मध्ये आहे. अनेक रिसीव्हरांत ती खालची शेवटची मर्यादा असते. सबवूफरचा गेन इतका वर आहे की, कॅलिब्रेशनने रिसीव्हरकडून जाणारा सिग्नल शक्य तितका दाबून टाकला. स्टँडबायचे सर्किट तर तारेतून येणारा सिग्नल मोजते आणि बहुतेक सबवूफरमध्ये ते गेनच्या नॉबच्या आधी बसवलेले असते, त्यामुळे नॉब कितीही फिरवला तरी त्याला जाग येत नाही. रात्री आवाज आणखी उतरवल्यावर सिग्नल त्याच्या उंबरठ्याखाली जातो आणि ते समजते की, घरात कोणी नाही.

गेन नऊ-साडेनऊच्या काट्यावर आणावा, सबवूफर जागा असल्याची खात्री करावी आणि मगच कॅलिब्रेशन पुन्हा करावे. पातळी उणे 5 ते 0 च्या दरम्यान आली की पुरे. कानाला आवाज पूर्वीइतकाच येईल, पण उणे 12 चे उणे 4 झाले तर तारेतला व्होल्टेज सुमारे अडीच पट होतो. एवढ्यानेही भागले नाही, तर वाय केबलने डाव्या व उजव्या अशा दोन्ही इनपुटांत सिग्नल द्यावा. ज्या सबवूफरमध्ये दोन्ही इनपुट एकत्र केले जातात, तिथे आणखी 6 डेसिबलपर्यंत वाढ मिळते.

बिल_कमी_करा

एवढा खटाटोप कशासाठी? मागचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर करा. रिकामा बसलेला सबवूफर 10 वॅट खातो असे धरले, तरी चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला सात युनिटच होतात.

मंद्रसप्तक

खटक्याने झोप मोडेल, पण उणे 12 तसेच राहील. पोकळ डग्ग्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

रिसीव्हरने 80 वर एकदा गाळणी लावली आहे आणि सबवूफरचा नॉब त्याच ठिकाणी दुसरी लावतो. त्यामुळे 80 च्या आसपासचा पट्टा दोनदा कापला जातो, शिवाय फेजही (लहरींचा इतर स्पीकरांशी असलेला मेळ) सरकतो, आणि डग्ग्याचा घुमारा नेमका याच पट्ट्यात राहतो. बास सांभाळण्याचे काम रिसीव्हरकडे असेल, तर सबवूफरचा नॉब शेवटपर्यंत फिरवावा, किंवा सबवूफरची गाळणी वगळणारे एलएफई इनपुट असल्यास ते वापरावे. रिसीव्हरमधील ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (चित्रपटातल्या स्वतंत्र खर्ज-वाहिनीची गाळणी) मात्र 120 वरच असू द्यावे. तो वेगळा विषय आहे.

दुसरे कारण वायरलेसचा उशीर हे आहे. अशा संचांत 15-20 मिलिसेकंदांचा विलंब नेहमीचा असतो. ध्वनी 1 मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 16 मिलिसेकंदांचा उशीर झाला तर रिसीव्हरच्या हिशेबी सबवूफर साडेपाच मीटर मागे सरकला. 80 हर्ट्झचे एक पूर्ण आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचे असते, तेव्हा 0 आणि 180 च्या फेजच्या खटक्याने हे सुधारणार नाही. तुमचे 2.7 मीटर हे तारेच्या काळातले मोजमाप आहे. नव्या कॅलिब्रेशनमध्ये 8 मीटरच्या आसपास आकडा आला, तर खोली तेवढी मोठी नाही म्हणून तो ‘दुरुस्त’ करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे आणि आठवडाभर स्पीकरांना दोष दिला आहे.

तिसऱ्या अडचणीबाबत एकच विचारतो : ट्रान्समीटरला वीज कुठून मिळते?

खर्ज_ठाणे

टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून. प्रश्न वाचल्याबरोबर उठून पाहिले : टीव्ही बंद केला की ट्रान्समीटरचा निळा दिवाही विझतो! दोन महिने हे माझ्या लक्षात आले नाही, याची लाज वाटते.

मंद्रसप्तक

त्यात लाज कसली, तो दिवा टीव्हीच्या पाठीमागे आहे. फोनचा जुना ॲडॉप्टर लावा आणि संच 2.4 गिगाहर्ट्झचा असेल, तर ट्रान्समीटर वायफायच्या राउटरपासून दोन-तीन फूट दूर ठेवा.

खर्ज_ठाणे

रविवारी सर्व बदल केले. गेन साडेनऊवर, क्रॉसओव्हरचा नॉब शेवटपर्यंत, ट्रान्समीटरला स्वतंत्र ॲडॉप्टर. कॅलिब्रेशनमध्ये पातळी उणे 4 आणि अंतर 7.9 मीटर आले, ते तसेच ठेवले आहे. सकाळच्या अभंगांत आता पखवाज आणि डग्गा यांतला फरक कळतो. काल रात्री दोन तासांचा चित्रपट कमी आवाजात पाहिला. दिवा एकदाच तांबडा झाला, आणि तो चित्रपट थांबवून मी अर्धा तास फोनवर बोलत होतो तेव्हा.