मयताचे ‘देणेकरी’: पैसे देणारे की मागणारे?

भाषांतर_हमाल: एका पतसंस्थेच्या नमुना-पत्राचं मराठी तपासतोय. वाक्य असं: ‘कर्जदार मयत झाल्यास वारसांनी त्याच्या देणेकऱ्यांची यादी सादर करावी.’ माझ्या मते देणेकरी म्हणजे देणं लागणारा, ऋणको. तिथल्या बाई ठामपणे म्हणतात, ज्याचं आपण देणं लागतो तो, म्हणजे धनको. यादी नेमकी कुणाची द्यायची? शिवाय मूळ मसुद्यात ‘लीगल रिप्रेझेंटेटिव्ह’ आहे, तिथे ‘वारस’ चालेल का?

जुनी_वही: यात शंका कसली? देणं ज्याच्या अंगावर तो देणेकरी, येणं मागणारा तो घेणेकरी.

माजघर: असेल. पण आमची आजी आत वळून सांगायची, ‘दारात देणेकरी उभाय, म्हणावं घरी कुणी नाही.’ पैसे फेडायला आलेल्याला कोण परत पाठवेल हो?

जुनी_वही: आजी प्रेमळ असेल, पण प्रमाण नव्हे. ‘देणेकऱ्यांचा तगादा’ पेपरातही छापतात. छापलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

संस्कृतप्रेमी: म्हणूनच सांगतो, उत्तमर्ण आणि अधमर्ण वापरा. उत्तमर्ण कर्ज देणारा, अधमर्ण कर्ज घेणारा. संदिग्धताच नाही.

माजघर: वा! कर्ज काढलं म्हणून अधम? सावकाराच्या वहीत निदान ‘कूळ’ तरी म्हणायचे.

काळा_कोट: तुमचं चालू द्या, पण ‘वारस’ तिथे अपुरा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये ‘लीगल रिप्रेझेंटेटिव्ह’ या संज्ञेत मयताच्या मिळकतीत परस्पर हात घालणारासुद्धा येतो. समजा, पुतण्याने काकाचा ट्रॅक्टर नेऊन विकला. तो वारस नसला तरी धनको त्याला धरू शकतो. म्हणून ‘कायदेशीर प्रतिनिधी’ लिहा. आणि त्याच संहितेचं कलम 50 पत्रात सोप्या मराठीत उतरवा: मयताची जेवढी मिळकत हाती आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. काहीच आलं नसेल तर स्वतःच्या पगारातून भरायचा प्रश्न नाही. ‘वारसांनी संपूर्ण रक्कम भरावी’ हे वाक्य त्यात असेल तर आधी ते खोडा.

बांधावरून: माझं उलट झालं. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत वसुलीवाला दारात. म्हणाला, बापाचं कर्ज पोरानं फेडायचं असतं, पितृऋण आहे. नावावर ना जमीन ना ठेव, म्हणून मी निर्धास्त. तर त्याने अर्ज उलटा करून मागच्या पानावरची माझी सही दाखवली: ‘जामीनदार’. मुलगा म्हणून सुटलो, जामीनदार म्हणून सापडलो.

काळा_कोट: करार कायदा, 1872, कलम 128. करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकर्जदाराचं तर कर्ज स्वतःचंच असतं. नॉमिनीला मात्र निव्वळ नॉमिनी म्हणून कुणी धरू शकत नाही. हे तीन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

संस्कृतप्रेमी: पितृऋणाचा पैशाशी संबंध नाही. ते संततीने आणि श्राद्धाने फिटतं. वसुलीवाल्यांनी शब्द बाटवला.

काळा_कोट: एकटे वसुलीवाले नव्हेत. हिंदू कायद्यात मुलगा, नातू, पणतू यांच्यावर बापजाद्यांचं कर्ज फेडायचं धार्मिक बंधन मानलं जायचं. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ त्या आधारावर वसुली करायची वाट बंद केली. गंमत म्हणजे जुन्या कायद्यातही ‘अव्यावहारिक’ कर्जातून मुलगा मोकळाच होता. बापाने जुगारात उडवलेले पैसे मुलाकडून मागता येत नसत.

माजघर: अव्यावहारिक म्हणजे जुगार? आमच्याकडे तर कविता करणाऱ्याला म्हणतात!

जुनी_वही: तिथे ‘व्यवहार’ म्हणजे रीतीला धरून केलेला देण्याघेण्याचा मामला. तुम्ही म्हणता तो अलीकडचा अर्थ.

माजघर: अलीकडचा म्हणजे चुकीचा का? मग आईबापांचे पांग फेडणंही हिशेबातच धरा. मला तर वाटतं हा पांग ‘पंगू’मधूनच आला. म्हातारपणी हातपाय चालत नाहीत तेव्हा करायची सेवा.

संस्कृतप्रेमी: आधार?

माजघर: आधार काय, कानाला पटतं.

भाषांतर_हमाल: ‘कायदेशीर प्रतिनिधी’ घेतलं, रकमेचं वाक्यही बदललं. आता ती यादी तेवढी…

बांधावरून: त्यापेक्षा ‘मयत’ काढा. आमच्याकडे मयत म्हणजे अंत्ययात्रा, मयतीला जातात. माणूस मयत कसा होईल?

जुनी_वही: होतो की. सातबाऱ्यावर शेकड्याने मयत आहेत.

संस्कृतप्रेमी: अरबी शब्द आहे. ‘मृत’ लिहा.

माजघर: मग ‘वारस’ कुठला, पैठणचा?