मदत हवी आहे : चैत्रात दिवसा लावायचा पांढऱ्या फुलांचा परफ्यूम फार जड होतोय

जुईली_पुणे

नमस्कार मंडळी,

फाल्गुन-चैत्रात दिवसा लावता येईल असा पांढऱ्या फुलांचा परफ्यूम घरी जमवायचा आहे. वास हवाय तो अर्धवट उमललेल्या मोगऱ्याचा : थोडा हिरवा, गार, गोडी बेताची. रात्रीच्या लग्नातला भरगच्च गजरा नको.

सध्याचं मिश्रण वजनाने, १०० भागांत : बर्गमॉट २०, मोगरा अ‍ॅब्सोल्यूट (फुलांतून द्रावकाने काढलेलं घट्ट सुगंधी द्रव्य) १५, हेडिओन १५, निशिगंध अ‍ॅब्सोल्यूट १०, नेरोली १०, यलँग-यलँग १०, बेंझिल अ‍ॅसिटेट १०, व्हॅनिलिन ५, गॅलॅक्सोलाइड (मस्क, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचं द्रव्य) ५. हा अर्क १० टक्के, डिस्टिल्ड वॉटर १५ टक्के आणि बाकी परफ्युमर्स अल्कोहोल.

अडचणी तीन. बर्गमॉट लगेच उडून जातो आणि मागे गोड, दाटलेला वास उरतो, त्यात डांबराच्या गोळ्यांची छटा. रंग फिका पिवळा होता, तो तांबूस तपकिरी झाला. शिवाय बाटली गढूळ दिसतेय. ताजेपणासाठी बर्गमॉट आणखी वाढवू का? आणि अ‍ॅब्सोल्यूटऐवजी कनौजचं मोगरा अत्तर चालेल का? काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजतो.

गंधपारखी

जुईलीताई, बर्गमॉट वाढवू नका. पांढऱ्या फुलांचा ताजेपणा लिंबूवर्गीय तेलांवर उभा राहत नाही, ती पंधरा-वीस मिनिटांची पाहुणी. फुलाचा गाभा हलका करून त्याच्याभोवती हवा खेळती ठेवली की वास ताजा राहतो. तुमच्याकडे नेमकं उलट झालंय. मोगरा, निशिगंध, यलँग आणि व्हॅनिलिन मिळून ४० भाग, आणि हवा आणणारं हेडिओन फक्त १५.

डांबराच्या गोळ्यांची छटा इंडोल या रसायनाची. ते मोगरा, जाई, निशिगंध, संत्र्याचं फूल या सगळ्यांत असतं. अगदी कमी प्रमाणात त्यानेच फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की दुसऱ्या दिवशीच्या कोमेजलेल्या गजऱ्याचा वास येतो. उन्हाने त्वचा तापली की तो आणखी वर येतो, म्हणून जानेवारीत सुसह्य वाटलेलं मिश्रण एप्रिलमध्ये नकोसं होतं.

तपकिरी रंगाचं मूळ व्हॅनिलिन. व्हॅनिलिन हा अल्डिहाइड आहे. मोगरा आणि नेरोलीतलं मिथाइल अँथ्रानिलेट त्याच्याशी जोडलं जाऊन शिफ बेस तयार होतो आणि रंग गडद होत जातो. इंडोलही त्यात भर घालतं. या परफ्यूममधून व्हॅनिलिन पूर्ण काढा.

अशी मांडणी करून बघा, १० ग्रॅम अर्कासाठी. आधी हेडिओन ३.८ ग्रॅम. हे मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट. १९६६ च्या ‘ओ सोव्हाज’ या परफ्यूममध्ये याच द्रव्याने तो मोकळेपणा आणला होता. त्यात इथिलीन ब्रासिलेट १ ग्रॅम (हाही मस्कच, गॅलॅक्सोलाइडपेक्षा हे इथे स्वच्छ वाटतं), लिनालूल ०.८, बेंझिल अ‍ॅसिटेट, हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल आणि फेनेथिल अल्कोहोल प्रत्येकी ०.६, नेरोली ०.६, मोगरा अ‍ॅब्सोल्यूट ०.३, बेंझिल सॅलिसिलेट ०.२ आणि शेवटी बर्गमॉट १.४.

उरलेली तीन द्रव्यं फार तीव्र आहेत, त्यांचं अल्कोहोलमधलं १० टक्के द्रावण करूनच मोजा : सिस-३-हेक्झेनॉलचं द्रावण ०.३ ग्रॅम, स्टायरॅलिल अ‍ॅसिटेटचं ०.५, सिस-जॅस्मोनचं ०.२. पहिल्याने नुकत्याच कापलेल्या गवताचा हिरवेपणा येतो, दुसऱ्याने अनंताच्या कळीसारखी किंचित आंबूस धार. तुम्हाला हवी असलेली कळी या दोघांत आहे. पण हेक्झेनॉल दुप्पट झालं तर फूल बाजूला राहून नुसतं गवत येईल, तेव्हा हात आखडता.

निशिगंध आणि यलँग दोन्ही गाळले आहेत. निशिगंध हवाच असेल तर ०.०५ ग्रॅम, म्हणजे १० टक्के द्रावण ०.५ ग्रॅम. त्याच्या लोणीदार जाडपणापुढे हेक्झेनॉल टिकत नाही, हे लक्षात ठेवून घाला.

थोडा पिवळेपणा तरीही येणार. हायड्रॉक्सिसिट्रोनेलालही अल्डिहाइड आहे आणि मोगऱ्यातल्या अँथ्रानिलेटशी तोही जोडला जातो. पण त्या जोडातून निघणारा वास संत्र्याच्या फुलाकडे झुकतो, तो इथे उपकारकच आहे.

निशिगंधा_ठाणे

वरच्या मांडणीला अनुमोदन. फक्त बर्गमॉटबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी.

दाबून काढलेल्या साध्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टिन असतं. ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात अशा तेलाची इफ्राची (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मर्यादा ०.४ टक्के आहे. वरच्या अर्कात १४ टक्के बर्गमॉट, अर्क १० टक्के, म्हणजे बाटलीत १.४ टक्के. मर्यादेच्या तिपटीहून जास्त. तुमच्या मूळ मिश्रणात तर २ टक्के होतं. दिवसा लावायचा परफ्यूम असल्याने बर्गॅप्टिनमुक्त, म्हणजे ‘एफसीएफ’ लिहिलेलंच तेल घ्या. नेरोली वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघते, तिला ही अडचण नाही.

आणखी एक. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या पांढऱ्या फुलांच्या पाककृतींत लिलिअल हे कृत्रिम सुगंधी द्रव्य भरपूर दिसेल. युरोपियन युनियनने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. घरीही वापरू नका, त्याचं काम इथे हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल करतंय.

अत्तरदाणी

अत्तराबद्दल. कनौजचं पारंपरिक मोगरा अत्तर (तिकडे मोगऱ्याला बेला म्हणतात) देग-भपक्यात (ऊर्ध्वपातनाच्या पारंपरिक भांड्यांत) चंदनाच्या तेलावर उतरवतात. ते खरं असेल तर फार सुंदर असतं, पण चंदनाचा दुधाळ पाया सोबत येतो, त्यामुळे अ‍ॅब्सोल्यूटच्या जागी तितक्याच वजनाने घातलं तर तुमची कळी झाकली जाईल. या परफ्यूममध्ये घ्यायचंच असेल तर अगदी शेवटी, १० ग्रॅम अर्काला ०.२ ग्रॅम.

आधी तपासणी करा. छोट्या काचेच्या कुपीत १ मिली अल्कोहोल, त्यात अत्तराचा एक थेंब, हलवून दहा मिनिटं ठेवा. थेंब तळाशी वेगळे दिसले किंवा द्रव दुधाळ झाला तर पाया लिक्विड पॅराफिनचा किंवा दुसऱ्या स्थिर तेलाचा. ते परफ्यूममध्ये घालू नका, नाहीतर स्प्रेची नळी चिकटेल. स्वच्छ विरघळलं म्हणून अत्तर अस्सल ठरत नाही, स्वस्त अत्तरात वापरलं जाणारं डीपीजीही (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळतं.

जुईली_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. गढूळपणाचं कारण पाणीच का? आणि गच्चीवरच्या मोगऱ्याची ताजी फुलं अल्कोहोलमध्ये भिजवून काही साधेल का?

गंधपारखी

हो, पाणीच. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये थोडं मेण उरलेलं असतं, आणि पाण्याने अल्कोहोलची ताकद उतरली की मेण आणि तेलं दोन्ही बाहेर पडतात. आत्ता पाणी घालूच नका. पुढे तीक्ष्णपणा कमी करावासा वाटला तर सगळं मुरल्यावर, एकूण वजनाच्या ३ ते ५ टक्के, थेंबाथेंबाने. गढूळ व्हायला लागलं की थांबा.

मुरवण्याचं असं करा. अर्क गडद रंगाच्या, जवळजवळ काठापर्यंत भरेल अशा लहान बाटलीत दोन आठवडे ठेवा. तीन द्रावणांतलं अल्कोहोल धरून तो १०.९ ग्रॅम होतो, तेव्हा ३० मिलीच्या बाटलीसाठी २.७ ग्रॅम अर्क आणि २२.३ ग्रॅम अल्कोहोल. हे २५ ग्रॅम वजन साधारण ३० मिली जागा घेतं. मग पुन्हा तीन-चार आठवडे अंधारात. शेवटी घट्ट झाकण लावून एक रात्र फ्रिजमध्ये, आणि थंड असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा. गरम झाल्यावर गाळलं तर मेण पुन्हा विरघळून खाली उतरतं. हे सगळं गॅस आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब.

ताजी फुलं अल्कोहोलमध्ये नकोत. पाकळ्यांतलं पाणी उतरतं, पाकळ्या तपकिरी होतात आणि वाळल्या गवतासारखा वास येतो. मोगरा खुडल्यावरही सुगंध सोडत राहतो, त्यामुळे त्याला चरबीत सुगंध उतरवण्याची पद्धत मानवते. संध्याकाळी फुगलेल्या कोरड्या कळ्या वासरहित चरबीच्या थरावर ठेवायच्या, सकाळी काढून नव्या ठेवायच्या, आणि वास पुरेसा भरला की ती चरबी अल्कोहोलने धुवायची. खोबरेल तेल २४ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून चैत्रात ते थरासारखं राहत नाही.

निशिगंधा_ठाणे

लावताना : अर्क कधीच थेट त्वचेवर नाही. तयार परफ्यूम आधी कोपराच्या आतल्या बाजूला एकदा लावून दोन दिवस बघा, हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल आणि हवा लागून जुनं झालेलं लिनालूल काहींना त्रास देतात. पांढऱ्या सुती कुर्त्यावर फवारू नका, अ‍ॅब्सोल्यूटचा पिवळा डाग धुऊनही राहतो. आतल्या बाजूच्या शिवणीवर चालेल.

वासाची तुलना करायची असेल तर दुकानात ‘गुच्ची ब्लूम’ कागदी पट्टीवर घ्या. २०१७ चा, निशिगंध, जाई आणि आपली मधुमालती. तो तुमच्या कल्पनेपेक्षा दाट आहे. शेजारी १९५६ चा ‘डिओरिसिमो’ घेतलात तर हिरव्या बाजूची कल्पना येईल. तुमच्या मिश्रणाची पट्टी त्याच वेळी सोबत ठेवा आणि १० मिनिटं, १ तास, ४ तास अशी नोंद करा. ४ तासांनी मस्कसोबत मोगरा ओळखू येत नसेल तर अ‍ॅब्सोल्यूट ०.३ वरून ०.४ करा, त्यापुढे नको.