घर बांधून दिलं म्हणजे माणूस परतला का?

सातपूरकर
परवा कुसुमाग्रज स्मारकात मणिपूरवर चर्चा होती. मे 2023 पासूनच्या मैतेई-कुकी हिंसाचारात तिथल्या 60,000 च्या आसपास लोकांना घरदार सोडावं लागलं, त्यांच्या परतीचा विषय. मागून एक गृहस्थ म्हणाले, "कुटुंबामागे दहा लाख द्या, घर बांधा आणि पाठवा परत." टाळ्या पडल्या. मी तिथे बोललो नाही, ते अजून टोचतंय.

हॉस्टेलला माझा रूममेट अनंतनागकडचा काश्मिरी पंडित होता. 1990 मध्ये गाव सुटलं तेव्हा चौथीत. महाराष्ट्रात काश्मिरी विस्थापितांच्या मुलांना राखीव जागा होत्या, म्हणून नाशिकला आला. जर्नलच्या मागच्या पानावर तो घराचा नकाशा काढायचा. जिन्याची कुठली पायरी वाजते, अक्रोड कुठे वाळत घालायचे, सगळं त्यात. 2008 च्या केंद्राच्या पॅकेजमध्ये पडक्या घरासाठी 7.5 लाख होते, सरकारी नोकऱ्याही होत्या. नोकरीसाठी काही हजार तरुण गेले, पण राहिले पहाऱ्यातल्या वसाहतींत. जुन्या गल्लीत कितीजण गेले? बोटांवर मोजण्याइतके. शेजारी "ये" म्हणत नाही आणि मारणारा मोकाट फिरतो, तोवर त्या पैशाला परतीचा खर्च म्हणू नका.

गंगापूररोड_७
दादा, भावना कळते, पण मुद्दा पटत नाही. न्याय होईपर्यंत थांबायचं तर छावणीत दुसरी पिढी म्हातारी होईल. ताडपत्रीखाली बाळंतपणं होतात, पोरांच्या शाळा सुटतात. घर आणि पगार आत्ता द्या, मनं नंतर जुळतील. पोटाला मिळालं की माणूस शेजाऱ्याशीही बोलतो. नोकऱ्या होत्या म्हणून निदान काही हजार तरी खोऱ्यात गेले, हे तुम्हीच लिहिलंय.

सातपूरकर
गेले, आणि मे 2022 मध्ये त्यातल्याच एकाला खोऱ्यातल्या चाडूऱ्याच्या तहसील कचेरीत, कामाच्या जागी गोळ्या घातल्या. बाकीचे कर्मचारी कित्येक महिने "आमची बदली जम्मूला करा" म्हणून धरणं धरून बसले. पगार होता, घर होतं. काय नव्हतं ते सांगा.

उलट बोस्निया बघा. तिथलं युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन करारात मूळ घरी परतण्याचा हक्क लिहून दिला होता, पण सर्बांनी मुसलमानांना हाकललेल्या प्रिजेदोर भागात पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. जुलै 1997 मध्ये ब्रिटिश सैनिकांनी तिथल्या एका युद्धगुन्हेगारीच्या आरोपीला पकडलं, आणि माजी पोलीसप्रमुख अटकेला विरोध करताना मारला गेला. त्यानंतर त्याच भागातल्या कोझारात्स गावचे लोक हळूहळू परतू लागले. एकेकटे नाही, घोळक्याने. आधी दिवसा येऊन राडारोडा उपसायचा, मग मुक्काम.

मनमाडचा_मास्तर
बोस्नियाची दुसरी बाजूही सांगा. घरांचे ताबे जवळपास सगळे परत मिळाले, पण पुष्कळांनी ते विकून टाकले किंवा बदलून घेतले. गावात म्हातारी माणसं उरली. कारखाना नाही, शाळेत आपल्या भाषेचा मास्तर नाही. तरुण कशाला येईल?

देवळालीवाली
मला मुळातच एक खटकतंय. सगळे "परत, परत" का करताय? आमची अम्मा फाळणीत सिंधमधून देवळाली कॅम्पात आली. बराकीत पडदा लावून दोन कुटुंबं राहायची. तिला शिकारपूर आठवायचं, पण परत जायचंय असं ती कधी म्हणाली नाही. तिला हवं होतं रेशनकार्ड आणि दुकानाचा गाळा.

ब्रू आदिवासींचं बघा. 1997 मध्ये मिझोराममधून पळाले, त्रिपुरात छावण्या. सरकारने त्यांना परत पाठवायला काय काय केलं! 2019 मध्ये तर छावणीचं रेशनच बंद केलं. तरी बहुतेक जण हलले नाहीत. शेवटी जानेवारी 2020 मध्ये करार झाला. त्रिपुरातच 40 बाय 30 फुटांची जागा, घराला दीड लाख, चार लाखांची ठेव आणि दोन वर्षं महिना 5,000. तेवीस वर्षं घालवून मिळालं काय, तर जिथे होते तिथेच राहायची मुभा!

गंगापूररोड_७
ताई, मग ज्याने हाकललं त्याचंच फावलं की. जमीनही त्यालाच.

देवळालीवाली
ते मलाही बोचतं. म्हणून आमच्या अम्माने हट्टाने तिथे जाऊन मरावं का? सातपूरकर, तुमच्या मित्राला काय वाटतं?

सातपूरकर
तो गेला होता, दोन वर्षांपूर्वी, नुसता बघायला. जुन्या शेजाऱ्याने मिठी मारली. शेजारीणबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. हात हातात घेऊन तासभर रडल्या. चार वाजले तसं त्या शेजाऱ्यानेच घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता निघ, अंधार पडायच्या आत."

ताई, तुमचा प्रश्न आत्ताच फोन करून त्याला विचारला. त्याने फोन मुलीकडे दिला. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, मी तिथे राहायला जाईन असं वाटत नाही. पण बाबांच्या नंतर जमिनीच्या कागदावर माझं नाव लागलं पाहिजे."