मदत हवी आहे: पावणेतीन आणि सहा वर्षांची मुलं, क्रूझचा किड्स क्लब कसा निवडावा?

बकुळ
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेकला सात रात्रींची क्रूझ करायचं घाटतंय. पुण्याहून सासू-सासरे येतायत, तेही सोबत असतील. मुलगा सहा वर्षांचा आहे. मुलगी बोटीवर चढायच्या दिवशी दोन वर्षं दहा महिन्यांची असेल. तिचा दिवसाचा डायपर सुटलाय, झोपताना मात्र लागतो. न्यू जर्सीतल्याच बेयॉन बंदराहून रॉयल कॅरेबियन, ब्रुकलिनहून एमएससी, किंवा फ्लोरिडाला जाऊन डिस्ने नाहीतर कार्निव्हल, असे पर्याय आहेत. दोघांना रोज दोन-तीन तास क्लबमध्ये सोडता यावं एवढंच हवंय. जाहिरातीतले फोटो सगळ्यांचेच छान असतात. नक्की काय बघून ठरवायचं?

दर्यावर्दी
फोटो बाजूला ठेवा आणि आधी मुलीचं वय बघा. वय धरतात ते बोट सुटते त्या तारखेचं, आणि ते कागदपत्रांवरून तपासलं जातं. तिसरा वाढदिवस दोन महिन्यांवर आहे म्हणून कोणी सूट देत नाही. तुमच्या बाबतीत सगळा निर्णय त्या दोन महिन्यांवर अडलाय.

रॉयल कॅरेबियनच्या ॲडव्हेंचर ओशनमध्ये आणि डिस्नेच्या ओशनिअर क्लबमध्ये प्रवेश तीन पूर्ण झाल्यावरच. शिवाय मूल स्वतः शी-शू सांगणारं हवं; डायपर चालत नाही आणि पुल-अप, म्हणजे चड्डीसारखा ओढून घालायचा डायपर, तोही चालत नाही. त्याखालच्या वयाला दोघांकडे नर्सरी आहे, पण तिचे तासाप्रमाणे पैसे पडतात. डिस्नेकडे पहिल्या मुलाला साधारण 9 डॉलर तासाला. रॉयलची नर्सरी सहा महिने ते 36 महिन्यांच्या मुलांसाठी असते, पण ती प्रत्येक बोटीवर नाही. त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव बघून बुकिंग करू नका. ज्या बोटीचं तिकीट काढताय तिच्या पानावर नर्सरी आहे का ते बघा.

कार्निव्हलचा कॅम्प ओशन दोन वर्षांपासून घेतो आणि तेही फुकट. दोन ते पाच हा त्यांचा सगळ्यात लहान गट. डायपरमधलं मूल चालतं आणि तिथली माणसं डायपर बदलतातही. डायपर आणि वाइप्स तुम्ही द्यायचे. पावणेतीनच्या मुलीसाठी याहून सरळ व्यवस्था यादीतल्या दुसऱ्या कोणाकडे नाही. बोट जुनी असेल, घसरगुंडी कमी असेल, तरी मी हाच पर्याय वर ठेवेन. मूल दारातून आत गेलंच नाही तर आतल्या सजावटीचा काय उपयोग?

अबोली
एमएससीबद्दल. त्यांचा मिनी क्लब तीन ते सहा वर्षांचा, लेगोच्या सोबतीने चालवलेला. त्याखालचा बेबी क्लब चिको या बाळांच्या वस्तूंच्या ब्रँडच्या नावाने आहे आणि तो मुख्यतः आईवडिलांनी मुलासोबत बसून खेळायचा. मुलाला सोडून जाता येईल असे तास मोजकेच. पावसाळी दुपारी बरा, पण तुम्हाला हवेत ते दोन-तीन तास त्यातून निघणार नाहीत. नॉर्वेजियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीचंही तसंच, तीनखालच्यांसाठी गप्पीज, पालकांसह.

आता मुलाचा विचार करा. रॉयल आणि कार्निव्हलमध्ये पाचपर्यंतचा गट वेगळा आणि सहापासूनचा वेगळा. म्हणजे मुलगी तीनची झाल्यावर गेलात तरी भावंडं एकत्र बसणार नाहीत. डिस्नेत तीन ते दहा एकाच क्लबमध्ये, त्यामुळे भावाचा हात धरून बुजरी बहीण रमते. हा डिस्नेचा खरा फायदा आहे, राजकन्या वगैरे नंतर. तारीख जूनच्या पुढे नेता येत असेल तर मी डिस्नेच म्हणेन. एप्रिलच पक्का असेल तर दर्यावर्दींशी सहमत.

दर्यावर्दी
अबोलींचा तारखेचा मुद्दा अगदी बरोबर आहे. त्यात आणखी एक. एप्रिलच्या सुरुवातीला बेयॉन किंवा ब्रुकलिनहून दक्षिणेकडे निघालात की पहिले दीड-दोन दिवस नुसता समुद्र आणि गार वारा. वाटेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या केप हॅटेरसच्या आसपास बोट हलतेही. पूलवर कोणी जात नाही, सगळी पोरं क्लबमध्ये. मुलं ठरावीक संख्येच्या वर गेली की दार बंद होतं आणि बाहेर थांबावं लागतं. अशा दिवशी क्लब उघडतो त्या ठोक्याला पोचायचं. बंदराच्या दिवशी उलट असतं, दुपारी क्लब जवळजवळ रिकामा. लाजऱ्या मुलाला पहिल्यांदा सोडायला ती वेळ उत्तम.

डिस्नेची नर्सरी घेणार असाल तर ऑनलाइन बुकिंगची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ते पूर्ण पैसे भरल्यावर, बोट सुटायच्या 75 दिवस आधी उघडतं. जुन्या प्रवाशांना त्याच्याही आधी मिळतं, म्हणून संध्याकाळच्या जेवणाच्या वेळचे नर्सरीचे तास आधी भरून जातात.

बकुळ
खूप उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका. मुलगी पूलमध्ये जाऊ शकेल का? आणि क्लबमध्ये खाण्याचं आणि औषधाचं कसं? मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि आम्ही शाकाहारी.

अबोली
पूल: अमेरिकन बंदरांना लागणाऱ्या बोटींना सीडीसीचे (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे) स्वच्छतेचे नियम लागू असतात. डायपरमधलं मूल, स्विम डायपर घातलेलंसुद्धा, सगळ्यांच्या पूलमध्ये चालत नाही. कारण एका मुलाची शी झाली तर पूल रिकामा करून निर्जंतुक करावा लागतो. त्यांच्यासाठी वेगळा कारंज्यांचा भाग असतो, जसा डिस्नेच्या ड्रीम आणि फँटसी या बोटींवर निमोज रीफ. तुमची मुलगी दिवसा सांगते, तेव्हा पूलला अडचण नाही. फक्त पाण्यात उतरायच्या आधी शू करवून आणा, आणि झोपेतून उठून थेट पूलवर नेऊ नका.

ॲलर्जी: बुकिंग करतानाच कंपनीच्या स्पेशल नीड्स विभागाला लेखी कळवा. क्लबच्या नोंदणी फॉर्मवर पुन्हा लिहा आणि पहिल्या दिवशी दारातल्या माणसाला तोंडीही सांगा. जेवणघराला दिलेली माहिती क्लबपर्यंत आपोआप पोचते असं धरू नका. बहुतेक क्लब औषध देत नाहीत. एपिपेन (ॲलर्जीच्या झटक्यावरचं तातडीचं इंजेक्शन) असेल तर तो तिथे ठेवता येईल का आणि गरज पडली तर कोण देणार, हे आधीच विचारून घ्या.

जेवण: क्लबमध्ये खायला असलंच तर पिझ्झा, नगेट्स, फ्राइज. नगेट्स चिकनचे असतात, आणि सहा वर्षांचं मूल विचारल्याशिवाय खाईल. त्यामुळे पोटभर जेवू घालूनच सोडा.

रत्नाकर
जाता जाता युकेतल्या वाचकांसाठी: साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश क्रूझ कंपनीच्या आयोना आणि आर्व्हिया या बोटींवर सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी रात्रीची नर्सरी फुकट असते. मूल तिथेच झोपतं. इतक्या लहान मुलांसाठी मला माहीत असलेली ही सगळ्यात चांगली सोय.

बकुळ
शेवटचं विचारते. सासूबाई मुलांना घ्यायला गेल्या तर देतील का?

दर्यावर्दी
नाव नोंदवलं असेल तरच. पहिल्या दिवशी दुपारी क्लबची ओपन हाऊस असते, म्हणजे पालकांना क्लब बघायला आणि नोंदणी करायला खुला असतो, तेव्हा सासू-सासऱ्यांना घेऊनच जा. घ्यायला कोण कोण येईल त्यात दोघांची नावं घाला आणि त्यांची बोटीवरची कार्डं दाखवा. डिस्नेत परवलीचा शब्द विचारतात. तो मराठीच ठेवा, आजींना लक्षात राहील आणि दुसऱ्या कोणाला सुचणार नाही. मुलांच्या मनगटावर जो पट्टा बांधतात तो आंघोळीलाही काढू नका. आणीबाणीत मूल क्लबमध्ये असलं तर त्याला कुठे न्यायचं हे त्यावरून कळतं. तेव्हा तुम्ही क्लबकडे धावायचं की आपल्या मस्टर स्टेशनवर (आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी) थांबायचं, हे त्याच दुपारी विचारून घ्या आणि आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.