'मोटिफ'ला मराठीत काय म्हणाल?

पानवेल:
अजिंठ्याच्या छतांवरच्या रंगकामावरचा एक लेख अनुवादतेय. कमळ, हंस, वळसे घेणारी वेल हे सगळं चीनमधल्या किझिल, दुन्हुआंगच्या लेण्यांतही दिसतं, असा विषय. 'मोटिफ'साठी 'आकृतिबंध' लिहिलं, तर संपादक म्हणाले, नोकरभरतीची बातमी वाटतेय.

घाटावरचा:
बरोबरच आहे. आकृतिबंध मंजूर झाला की पदं निघतात, कमळं नाही. सरळ 'नक्षी' म्हणा की.

पानवेल:
नक्षी म्हणजे अख्खं काम. मला त्यातला सुटा, उचलून दुसरीकडे नेता येणारा तुकडा हवाय. दोन नंबरच्या लेण्यात २३ हंसांचा पट्टा आहे, प्रत्येकाची ढब निराळी. तिथे हंस हा मोटिफ, पट्टा ही नक्षी.

येवलेकर:
आमच्याकडे 'बुट्टी'. पैठणीच्या अंगभर असते ती. मागावर बसलेल्याला विचारा, दुसरा शब्द सुचणार नाही.

शुद्धमती:
बुट्टी हिंदीची उसनवारी. 'पत्रवल्ली', म्हणजे पानांची वेल, हा शब्द असताना कशाला?

घाटावरचा:
नक्षीही अरबी 'नक्श'वरून आली, तिलाही हाकला मग. आणि हंसाला पत्रवल्ली म्हणायचं?

रानससा:
बुट्टी साडीवर ठीक. दुन्हुआंगच्या काही छतांवर कमळाच्या मधोमध तीन ससे गोल धावतात. कान तिघांत मिळून तीनच, तरी प्रत्येकाला दोन दिसतात. ही बुट्टी? आपल्याकडेही एक नंबरच्या लेण्यात खांबावर चार हरणांना एकच डोकं आहे.

शुद्धमती:
ती हरणं कोरीव आहेत, विषय चित्रांचा चाललाय. 'लेणी' म्हणताय हे मात्र छान, हल्ली जो तो 'गुहा' लिहितो. लेणं म्हणजे मुळात दागिनाच, डोंगराने ल्यालेला!

घाटावरचा:
कल्पना गोड, पण नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत 'लेण' आहे, संस्कृत 'लयन'वरून. राहायची जागा. दागिन्याचं लेणं निराळं.

शुद्धमती:
आमची आजी कुंकू 'लेत' असे. तिला लयन-बियन ठाऊक नव्हतं.

येवलेकर:
आजीला पैठणीची बुट्टी ठाऊक असणार.

पानवेल:
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'मोटिफ'च ठेवते. पण तो मोटिफ की ते मोटिफ?

शुद्धमती:
ते नंतर बघू. दागिन्याचं लेणं निराळं, हे कुठल्या कोशात आहे?