विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' आणि हेलियम: नक्की साल कोणतं?

आत्याबाई_ठाणेकर:
मे महिन्यात विजयदुर्गाला जाऊन आलो. किल्ल्यावर दगडी चौथरे आहेत, 'साहेबाचे ओटे' म्हणतात त्यांना. बरोबरच्या काकांनी छाती फुगवून सांगितलं, "१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबाने इथूनच ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला." सातवीतल्या भाचीने त्यावर भाषण लिहिलं. मी सहज पडताळायला बसले तर एकीकडे गुंटूर निघालं, दुसरीकडे लंडन. साहेब होता तरी कुठे? भाषण शुक्रवारी आहे हो.

जुनी_दुर्बीण:
ताई, ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं. फक्त ते ग्रहण दुसरं!

१८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर लंडनला युद्धखात्यात नोकरी करत होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्या ऑगस्टमध्ये भारतात बरेच जण दुर्बिणी रोखून बसले होते. फ्रेंच यान्सेन गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला आणि लेफ्टनंट हर्शेल आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीला. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात (म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात) एक पिवळी रेषा दिसली. बहुतेकांना वाटलं सोडियम, म्हणजे आपलं मिठातलं.

यान्सेनच्या नावावर हेलियम लावतात ते मला जरा सैलच वाटतं. त्याची खरी कमाल वेगळी. रेषा इतक्या ठळक दिसल्यावर त्याच्या लक्षात आलं की ग्रहण नसतानाही या ज्वाळा दिसायला हव्यात, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने हेच लंडनमध्ये बसून २० ऑक्टोबरला केलं, ग्रहणाशिवाय. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत वाचली गेली ती एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला.

आता पिवळी रेषा. सोडियमच्या रेषांची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला, ही मात्र ५८७.६ ला. हा फरक हेरून, हे मूलद्रव्य (म्हणजेच हेलियम) पृथ्वीवर कोणाला ठाऊक नाही असं ठासून म्हणणारा लॉकियर. रसायनवाले बरीच वर्षं नाकं मुरडत होते. शेवटी १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेला क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

आणि ओटे? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरंच विजयदुर्गाला आला. मदतीला 'मेल्पोमेनी' युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे कोणी काय करायचं याची तालीम आधीच. म्हणजे साहेब आला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती.

पेठेतला_पुणेकर:
त्याच १८९८ च्या ग्रहणाला करमाळ्याजवळच्या जेऊरला कोण होतं, तेही भाचीला सांगा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (आताचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) प्राध्यापक कावसजी नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजात वेधशाळा उभारली, तिथे २० इंची दुर्बीण होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलसुद्धा जेऊरलाच होता. नायगमवाला १९१२ ला निवृत्त झाले, वेधशाळा बंद, दुर्बीण कोडाईकनालला. मी त्याच कॉलेजात चार वर्षं काढली, कँटीनच्या मिसळीबद्दल सगळं माहीत, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आत्याबाई_ठाणेकर:
सगळ्यांचे आभार. भाचीला वाचून दाखवलं. आधी रडवेली झाली (पाठ झालं होतं ना!), मग म्हणाली, "खलाशांची तालीम घेतात ते टाकू या." १८६८ खोडलंय. नायगमवालांना दोन ओळी. पण गावात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, त्याचं काय?

जुनी_दुर्बीण:
करू द्या की. पिवळी रेषा त्याच दिवशी दिसली, तारीख चुकलेली नाही. चुकलाय तो साहेबाचा पत्ता.

गिर्येकर:
साल खयचाय असांदे, ओटे आमचेच. पुढल्या खेपेक येवा तेवा पावसाआधी येवा, दगड निसरडे जातत.