'कारक कौशल्ये' कुणाला कळतं का?

उंबरठा: अंगणवाडी सेविकांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मूल मान धरण्यापासून चालण्यापर्यंत कसं पोचतं, त्यामागचे सिद्धान्त असं प्रकरण आहे. मोटर स्किल्सना, म्हणजे मान, हातपाय हलवण्याच्या, अंग सावरण्याच्या कौशल्यांना, 'कारक कौशल्ये' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला: 'इथे व्याकरण कुठून आलं?' दुसरा शब्द सुचवा ना.

पाणिनीचा_पुतण्या: कृ धातू, कारक म्हणजे करणारा. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत रुळलाय. उगाच बदलू नका.

खडीसाखर: हानिकारक ठीक. नुसतं कारक म्हणजे काय कारक? आजी म्हणायची 'हात बसला', 'अंगवळणी पडलं'. 'अंगवळण' घ्या!

ओसरी: अंगवळणी पडायला सराव लागतो हो. अर्नोल्ड गेसेल या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाचं म्हणणं नेमकं उलटं. १९२९ चा त्याचा जुळ्या बहिणींवरचा प्रयोग बघा. एकीला सहा आठवडे जिना चढायला शिकवलं. दुसरीला नंतर दोनच आठवडे, तरी तिने पहिलीला गाठलं. शरीर पक्व झालं की जमतं, हा त्याचा सिद्धान्त. तिथे 'अंगवळण' कसं चालेल?

खडीसाखर: मग एस्थर थेलन ही मानसशास्त्रज्ञ वाचा. तान्ह्या बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं, दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू पक्व होतो म्हणून थांबतं, असं मानायचे. हिने बाळांना पाण्यात उभं धरलं, तर पावलं परत सुरू! पाय जड झाले होते, इतकंच. तुमची 'परिपक्वता' कुठे गेली?

पाणिनीचा_पुतण्या: पच् धातू. पक्व म्हणजे शिजलेलं. मूल शिजत नाही, हे मान्य.

गावठी_इंजिनीयर: स्नायुकौशल्य म्हणा, मिटलं.

ओसरी: आणि तोल? नजर? ती काय स्नायूंत असते?

धोंडी: एक विनंती, वॉकरला पांगुळगाडा लिहू नका. पांगुळगाडा मूल उभ्याने दांडी धरून ढकलतं. वॉकरमध्ये बसून नुसते पाय मारतं. कॅनडात तर २००४ पासून वॉकरवर बंदी आहे.

पाणिनीचा_पुतण्या: पंगूवरून पांगुळ. चालायला लागलेल्या पोराच्या गाड्याचं हे नाव कुणाला खटकत नाही, कारक मात्र खटकतो!

उंबरठा: अहो, शुक्रवारी द्यायचंय. 'हालचालींची कौशल्ये' चालेल?

पाणिनीचा_पुतण्या: हालचालींवर पोलीस पाळत ठेवतात.

खडीसाखर: चालेल काय, धावेल.

धोंडी: आणि पांगुळगाडा तीन चाकांचाच, बरं का.

गावठी_इंजिनीयर: आमच्याकडे चार चाकांचा होता. फोटो टाकू?